भरले ते वाकते



लेखासाठी बसलो तेव्हा समोरच्या चौरंगावर ज्ञानेश्वरी होती, शेजारी चिपळ्या होत्या आणि भिंतीवरच्या विजेच्या बटणाखाली एक काळी डबी होती. डबीच्या काचेवर चार आकडे हळूहळू वाढत होते. ज्ञानेश्वरीवर लिहिणारे अधिकारी पुरुष या मासिकाला पुष्कळ लाभले आहेत. मी आज त्या काळ्या डबीवर लिहिणार आहे. घरातले सेल पुन्हा भरणारा तो चार्जर. हसू नका. दृष्टांत कुठे भेटेल याचा कीर्तनकाराला नेम नसतो. आमचे गुरुजी एवढेच सांगत, की दृष्टांत द्यायचा तर आधी ती वस्तू पुरती समजून घ्यावी, नाहीतर सिद्धांत लंगडा पडतो. म्हणून आधी वस्तू सांगतो, मग गोष्ट. गोष्टीत माझी एक चूक आहे. ती इतकी वर्षे कोणत्याही गादीवरून सांगितली नाही, ती इथे सांगतो.

आमच्या तरुणपणी कीर्तनाला माइक नव्हता. बाराशे माणसांपुढे छातीतून आवाज काढावा लागे. पुढे वायरीचा माइक आला, आणि मग बिनवायरीचा. गादीवर मागेपुढे होणाऱ्या, मध्येच उडी घेणाऱ्या आम्हा लोकांना तो फार सोयीचा झाला. पण त्याच्या पोटात दोन पेन्सिल सेल असतात. सप्ताहात साउंडवाला रोज दोन नवे सेल घाली आणि जुने काढून मंडपामागे टाकी. एका काल्याच्या दिवशी पंगतीनंतर मी हात धुवायला मागे गेलो. उष्ट्या पत्रावळींच्या ढिगात ते चौदा सेल पडलेले होते. त्यातले निम्मे तरी अजून जिवंत असतील, कारण दोन तासांच्या कीर्तनात सेल पुरता संपत नाही. पण उद्या मध्येच बंद पडू नये या भीतीने कोणीच तो दुसऱ्यांदा वापरत नाही.

माउली, आपण वर्धा जिल्ह्यातली माणसे. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले आणि जवळपासच्या माती, बांबूंच्या कुटीत राहिले. विनोबांनी १९३०-३१ साली गीताई लिहिली ती वर्ध्यातच, आणि पुढे पवनारला धाम नदीच्या काठी आश्रम केला. मगनवाडीच्या संग्रहालयात आजही चरखे, घाणे आणि ग्रामोद्योगांची साधने पाहायला मिळतात. वस्तू पुरती वापरावी, हे या मातीत शाळेआधी शिकवले जाते. आणि मी कीर्तनात अपरिग्रह सांगून मागे चौदा सेल टाकून निघालो होतो. त्या दिवशी पंगतीतला काल्याचा प्रसाद गोड लागला नाही.

मग मी पुन्हा भरता येणारे सेल आणि एक साधा चार्जर घेतला. ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. तो चार्जर म्हणजे आंधळे दान होते. सेल जोडीनेच लावावे लागत. एकच दिवा लागे, तो भरतानाही लाल आणि भरून झाल्यावरही लाल. किती तास ठेवायचे ते आपण ठरवायचे. एक सेल अर्धा भरलेला आणि दुसरा रिकामा असला, तरी दोघांना सारखेच वाढायचे. त्यातून ते विदर्भातल्या भारनियमनाचे दिवस. वीज कधी जाईल, कधी येईल याचा भरवसा नाही. रात्री लावलेले सेल सकाळी हातात धरवत नसत इतके तापलेले असत, नाहीतर निम्मेच भरलेले असत. वर्षभरात ते सेल गेले. मी म्हणालो, या वस्तूत दम नाही. दोष वस्तूचा नव्हता, वाढणाऱ्याचा होता, हे कळायला बराच काळ गेला.

चार वर्षांपूर्वी नातवाने नागपूरहून ही काळी डबी आणली. चार सेल आणि ही डबी मिळून अडीच हजारांच्या घरात गेले. मी रागावलो. तो म्हणाला, "आबाजी, रागावू नका न. आधी पाहा तं, काय करते ते." मी पाहायला लागलो, आणि खरे सांगतो, पुढचे आठ दिवस हरिपाठ झाल्यावर मी तिच्यासमोरच बसत होतो.

तिची पहिली गोष्ट अशी, की चारही घरे वेगवेगळी. प्रत्येक सेलचे माप वेगळे, वाढणे वेगळे, थांबणे वेगळे. शेजारचा भरला म्हणून याला उठवत नाही, याचा उशीर म्हणून त्याला ताटकळत ठेवत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. या सेलवर त्याची धारणाशक्ती लिहिलेली असते. पेन्सिल सेलवर साधारण दोन हजार मिलीअँपिअर-तास, तर बारक्या सेलवर सातशे-आठशे. डबीला सांगता येते, की ताशी दोनशेने भर, पाचशेने भर की हजाराने भर. दोन हजारांचा सेल पाचशेने भरला तर हिशेबाने चार तास. पण भरताना काही भाग उष्णतेत जातो, म्हणून पाच तासांच्या आसपास लागतात. फार घाई केली तर सेल तापतो आणि त्याचे आयुष्य कमी होते. फारच हळू भरला तर तो भरल्याची खूण इतकी पुसट होते, की डबीलाही कळत नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी युक्त आहारविहार सांगितला, अति खाणाऱ्यालाही योग नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. या अर्थाचे निरूपण मी जन्मभर केले. ते डबीच्या तीन आकड्यांत लिहिलेले पाहून मला मौज वाटली.

पण मला खरे धरून ठेवले ते तिसऱ्या गोष्टीने. सेल भरला हे तिला कळते कसे? मी नातवाला विचारले. त्याने सोबतचा कागद वाचून समजावले. सेल भरत जातो तसा त्याचा दाब, म्हणजे व्होल्टेज, चढत जातो. चढत चढत एका टोकाला पोचतो. आणि सेल पूर्ण भरला, की तो दाब आणखी चढत नाही. उलट किंचित खाली येतो. किती? एका व्होल्टचे हजार भाग केले तर त्यातले पाच-दहा भाग, एवढाच. त्याच वेळी सेल कोमट होऊ लागतो, कारण आता आत जाणारी वीज साठत नाही, तिची उष्णता होते. ती किंचितशी उतरण डबी ओळखते आणि वाढणे थांबवते.

माउली, मी दोन मिनिटे बोललो नाही. ज्वारीचे कणीस रिकामे असते तोवर ताठ असते. दाणा भरला की ते वाकते. शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. पण एवढ्याशा सेलातही भगवंताने तोच नेम ठेवला आहे, की भरले ते वाकते. आणि ज्याला ते वाकणे दिसले त्यानेच हात आवरायचा. जो पाहत नाही, तो वाढतच राहतो, आणि अन्नाचे विष होते.

या दृष्टांतावर मी एक कीर्तन मनात बांधले. गादी सोडून दोन वर्षे झाली होती, तरी सवय जात नाही. शिष्य भरला की नम्र होतो, हा सिद्धांत. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, सगळे जुळले. स्वतःवरच खूश होतो. पण दृष्टांत पुरता समजलेला नव्हता. शिष्य कसा असावा एवढेच मी त्यातून काढले होते. वाढणारा कसा असावा, इकडे पाहिलेच नव्हते.

वारीहून आलो त्या वर्षीची गोष्ट. आमच्या बाजूने कौंडण्यपूरची रुक्मिणीमातेची पालखी जाते. तिच्या वाटेने चालणाऱ्या एका दिंडीला मी उपचाराला दोन-चार मुक्काम सोबत केली आणि परत फिरलो. पहाटे आन्हिकाला जाताना लागणारा टॉर्च ट्रंकेत ठेवला तो चालूच राहिला. महिन्याभराने काढला तेव्हा त्यातले दोन्ही सेल थंडगार. डबीत लावले. एकाचा आकडा चढू लागला. दुसऱ्याच्या घरात आकडा उमटलाच नाही. काढून पुसून पुन्हा लावला, तरी नाही. डबीने त्याला सेल म्हणून ओळखलेच नाही.

नातवाने कारण सांगितले. टॉर्चमध्ये दोन सेल एकामागे एक असतात. त्यातला दुबळा आधी रिकामा होतो. पण बलवानात अजून जोर असतो, तो वीज ढकलतच राहतो आणि रिकाम्या झालेल्या दुबळ्याला उलट्या दिशेने लोटतो. मग दुबळ्याचा दाब इतका खाली जातो, की शहाणा चार्जर आधी माप घेतो, माप लागत नाही म्हणून त्याला नाकारतो. मेलेला सेल, सदोष सेल आणि नुसता फार थकलेला सेल, तिन्ही त्याला सारखेच दिसतात.

मी तो सेल उचलला आणि टाकायच्या डब्यात ठेवू लागलो. नातू म्हणाला, "काहून फेकून राहिले आबाजी? तुमचा जुना चार्जर कुठं हाय?"

तो आंधळा चार्जर माळ्यावर होता. नातवाने काढला, धूळ झटकली आणि तो नाकारलेला सेल एका चांगल्या सेलच्या जोडीने त्यात लावला. म्हणाला, "हा काही मोजत नाही. समोर येईल त्याले देते. याले आधी जरासं द्या लागते, मग तो शहाणा याले ओळखीन." आम्ही दोघे समोर बसून राहिलो. मधूनमधून तो सेलला बोट लावून पाही, तापला तर नाही ना. दहा मिनिटांनी काढला, काळ्या डबीत लावला. आकडा उमटला.

माउली, त्या आकड्याकडे पाहताना मला एक मुलगा आठवला.

पंधरा वर्षांपूर्वी माझ्याकडे दोन मुले शिकायला होती. दोघे तेरा वर्षांचे, चातुर्मासात घरीच राहत. हरिपाठ, गीतेचे अध्याय, पाठांतर, चाली, टाळ, थोडा मृदंग. एक अतिशय तल्लख. सांगितलेले त्याला एकदाच सांगावे लागे. दुसऱ्याला दोन दिवस लागत, पण बसले ते बसले. मी दोघांना एकच पाठ, एकच वेळ दिली. तल्लख मुलगा म्हणून दाखवी, की मी दुसऱ्याकडे वळून म्हणे, "आता तू." त्याच्या ओठांवर शब्द येत, जिभेवर येत नसत. मी म्हणे, "अरे, याच्याबरोबरच शिकलास ना?" जोडी लावली होती मी. बलवान दुबळ्याला कसा उलटा लोटतो हे मला टॉर्चमधून कळले. घरात घडत होते तेव्हा कळले नाही.

एका सप्ताहात मी त्याला एका अभंगाचा चरण म्हणायला उभे केले. मंडप भरलेला. त्याने सुरुवात केली आणि तो थांबला. किती थांबला? आज मला वाटते, तीन-चार ताल असतील. मी वाट पाहिली नाही. चरण स्वतःच म्हटला, आणि वर माइकमध्ये बोललो, की हे भांडे गळके आहे, यात कितीही ओता. लोक हसले. कीर्तनात लोक हसले की कीर्तनकाराला बरे वाटते, मलाही वाटले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी काकड्याला होतो. परत आलो तर त्याची वळकटी नीट बांधलेली होती आणि तिच्यावर टाळ ठेवलेले होते. तो गेला होता. आठवड्याने त्याचे वडील आले, पायलीभर तुरीची डाळ घेऊन. हात जोडून म्हणाले, "महाराज, पोराचं मनावर नका घेऊ. त्याची चूक झाली." आणि मी, माउली, ती क्षमा दिली. डाळही ठेवून घेतली.

डाळ संपली, चातुर्मास संपला, पण ते मागणे माझ्याकडे पडून राहिले. ज्याची क्षमा मी मागायची, त्याच्या बापाने माझी मागितली. मी ती उदारपणे दिली, याचा मला त्या वेळी अभिमानही वाटला असावा.

संतांच्या दारात कोणाचे माप आधी घेतले गेले? चोखोबा, जनाबाई, सेना, सावता. यांतला कोण व्यवहाराच्या काट्यावर भरला असता? पंढरीच्या वाळवंटात आधी मिठी मिळते, मग अभ्यास. आधी कोणी न मोजता थोडे द्यावे लागते, तेव्हा थकलेल्यात ओळख पटण्याएवढे बळ येते. मग शिस्त, मग माप, मग हळूहळू भरणे. मी माप आधी घेतले. माझ्या काचेवर आकडा उमटला नाही, म्हणून गळके ठरवले.

पुढचे सांगण्याआधी, ज्यांच्या घरी असे सेल आहेत किंवा दिंडीत माइक, टॉर्च वापरतात, त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी सांगून घेतो.

दुकानातले साधे कोरडे सेल चार्जरमध्ये कधीही लावू नयेत, ते फुटतात किंवा गळतात. ज्यावर पुन्हा भरता येतो असे स्पष्ट लिहिले आहे तोच लावावा. हे सेल निकेल-मेटल हायड्राइडचे असतात आणि त्यांचा दाब १.२ व्होल्ट असतो. लिथियमचे सेल काही वेळा दिसायला तसेच असतात, पण त्यांचा दाब साधारण ३.७ व्होल्ट असतो, त्यांचा चार्जर वेगळा. एकाचा सेल दुसऱ्याच्या चार्जरात लावला तर आग लागू शकते. मी वर सांगितलेली जागे करण्याची युक्ती लिथियमच्या सेलवर मुळीच करू नये. निकेलच्या सेलवरही समोर बसून, काही मिनिटेच करावी. जो सेल फुगला आहे, गळला आहे, ज्याच्या टोकाशी पांढरी पूड दिसते, तो भरूच नये.

कोरड्या सेलचा दाब १.५ व्होल्टपासून हळूहळू उतरतो, माइकवरची खूण आधीपासून इशारा देते. भरता येणारा सेल तसा नाही. तो १.२ च्या आसपास शेवटपर्यंत टिकून राहतो आणि शेवटी एकदम बसतो. त्यामुळे माइकवर खूण चांगली दिसत असताना दहा मिनिटांत आवाज जातो. आर्वी तालुक्यातल्या एका गावी काल्याच्या कीर्तनात, हंडी फुटायच्या क्षणाला माझे तसेच झाले. तेव्हा कीर्तनाआधी भरलेलेच सेल घालावेत आणि दुसरी भरलेली जोडी टाळकऱ्याजवळ असू द्यावी.

एका यंत्रातले सेल नेहमी एकाच वयाचे, एकाच शक्तीचे ठेवावेत. त्यांच्यावर खुणा करून जोड्या बांधाव्यात. का, ते वर सांगितले. आपल्याकडे वैशाखात पारा पंचेचाळिसावर जातो, त्या दिवसांत दुपारी सेल भरू नयेत. उष्णतेत ते नीट भरत नाहीत आणि झिजतात. पहाटे भरावेत. वीज जाऊन आली तर शहाणा चार्जर पुन्हा सेल तपासतो आणि भरलेला असेल तर लवकर थांबतो. घड्याळावर चालणारा चार्जर पुन्हा पहिल्या तासापासून मोजू लागतो. भरलेले सेल ट्रंकेत सुट्या नाण्यांबरोबर किंवा किल्ल्यांबरोबर टाकू नयेत, डबीत ठेवावेत.

जुने, विशेषतः कॅडमियम असलेले सेल विषारी असतात. ते जाळू नयेत, शेतात पुरू नयेत, नदीत तर मुळीच टाकू नयेत. चाकांच्या कचरापेटीवर फुली मारलेले चित्र सेलवर असते, त्याचा अर्थच हा, की घरच्या कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी असे सेल गोळा करून त्यांवर प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आपले काम एवढेच, की ते वेगळे साठवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावेत. सप्ताहाच्या मंडपात एक रिकामा डबा ठेवला तरी पुष्कळ काम होते. आमच्या गावच्या मंडपात आता तो असतो.

आता गोष्ट पुरी करतो.

तो मुलगा आज अठ्ठावीस वर्षांचा आहे. देवळीच्या बाजूला त्याचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतो. मला माहीत होते. दोन-तीनदा बसमधून जाताना तो दिसलाही होता. दुरून हात जोडी आणि कामात वळे. मीही उतरलो नव्हतो.

त्या सेलच्या दुसऱ्या दिवशी मी एसटीने गेलो. दुकानात तो बसलेला, समोर साचा, हातात तांब्याची तार, आणि ओठ हलत होते. मी पायरीवर उभा राहिलो. त्याने पाहिले, मान हलवली आणि एवढेच म्हणाला, "बसा महाराज. मोजणी चालू हाय. मधात थांबलो तं पुन्हा पहिलेपासून." मी स्टुलावर बसलो. तो वेढे मोजत होता. वेढे चुकले तर मोटार तापून जळू शकते, हे मला त्याने नंतर सांगितले. ज्याच्या डोक्यात काही टिकत नाही असे मी माइकवर सांगितले होते, तो माझ्यासमोर शेकड्यांनी वेढे मोजत बसला होता. मोजणी संपली, त्याने पुठ्ठ्यावर आकडा लिहिला, हात पुसले, आणि पाया पडायला वाकला.

मी त्याचा हात धरला. म्हणालो, "त्या दिवशी चरण मी तुझ्या तोंडातून काढून घेतला. वर चार लोकांत बोललो. चूक माझी होती. तुझे वडील माझ्याकडे आले होते, ते मी यायला पाहिजे होते. क्षमा कर."

तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मले चरण येत होता, महाराज. तुमी घाई केली."

आणि त्याने तो चरण म्हटला. गायला नाही, नुसता म्हटला, तारेचे भेंडोळे मांडीवर तसेच ठेवून. त्याच्या पुढचाही म्हटला. शेवटचा, संतांचे नाव येते तोही. एक अक्षर इकडचे तिकडे नव्हते. पंधरा वर्षे ते त्याच्यात तसेच होते. भांडे गळके नव्हते, माउली.

तुम्हाला वाटेल, की आता तो पुन्हा गादीवर उभा राहिला. तसे झाले नाही. सगळेच परत मिळत नाही. त्या थकलेल्या सेलचे मी डबीत माप काढले. ती सेल पूर्ण भरते, पूर्ण रिकामा करते, पुन्हा भरते आणि त्यात किती मावते तो आकडा दाखवते. दोन हजारांतले नऊशे चाळीस मावले. माइकला तो चालणार नाही. पण भिंतीवरच्या घड्याळाला फार थोडी वीज लागते. देवघरावरच्या घड्याळात तो घातला, आणि मध्ये एकदा भरून घेतला तेवढाच, दीड वर्ष चालतो आहे.

मागच्या कार्तिकात काकड्याला तो मुलगा आला. मी बोलावले नव्हते. पहाटे साडेचारला, थंडीत, शेवटच्या ओळीत टाळ घेऊन उभा राहिला. मी जुने टाळ जपून ठेवले होते, पण तो स्वतःचे घेऊन आला होता. मी त्याला पुढे ये म्हटले नाही. कोणता चरण म्हण असेही म्हटले नाही. एकादशीलाही आला. आरती झाल्यावर विठोबासमोर वाकला, इतका वेळ वाकलेला राहिला, की मागची माणसे थांबली. मी पाहत होतो आणि थांबलो होतो.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी नातवंडे आहेत, शिष्य आहेत, सुना आहेत. वाढताना त्यांच्याकडे पाहत जा. ज्याचा आकडा उमटत नाही, त्याला आधी न मोजता थोडे द्या. आणि ज्याची क्षमा मागायची राहिली असेल, तिकडची बस कधी सुटते ते आजच पाहून ठेवा.

रामकृष्णहरि.